लाल न होणारा पत्रा

शनिवारी सकाळी न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावातले निम्मे देशी बाप पार्किंग लॉटमध्ये बसलेले असतात. मुलगी आत भरतनाट्यम शिकत असते, मुलगा गणिताच्या क्लासला असतो आणि बाप सीट मागे करून फोन बघत पडलेला असतो. गुरुनाथ करडे हा त्यातलाच एक. त्याची मुलगी आन्या ज्या नाचाच्या क्लासला जायची तो जुन्या गोदामांच्या एका वसाहतीत होता. एका बाजूला टाइल्सचं गोदाम, दुसऱ्या बाजूला एक शेड. शेडवर पाटी नव्हती आणि तिचं शटर नेहमी अर्धं ओढलेलं असायचं. गुरुनाथनं कितीतरी शनिवार त्या शटरकडे बघत काढले होते, पण आत काय चालतं असा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

एका शनिवारी त्यानं एसी बंद करून काच खाली केली आणि शेडमधून हातोडीचा आवाज आला. आवाजापेक्षा त्याला त्यातलं थांबणं ओळखीचं वाटलं. ठक ठक ठक, मग क्षणभर काही नाही, मग पुन्हा ठक ठक. खिळे ठोकणारा माणूस असा थांबत नाही. जो पत्रा घडवतो तोच थांबतो, कारण त्याला पत्रा फिरवून बघायचा असतो. गुरुनाथ सरळ उठून बसला. हा आवाज त्यानं पुणं सोडल्यापासून ऐकला नव्हता.

तो वाढला कसबा पेठेतल्या तांबट आळीत. तिथे सकाळी दूधवाला यायच्या आधी हातोड्या सुरू व्हायच्या आणि जेवणाच्या वेळी तेवढ्या थांबायच्या. आळीतली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलायची, घरातसुद्धा, लग्नाच्या बोलणीतसुद्धा, आणि पाहुण्यांना वाटायचं यांची भांडणं चालू आहेत. गुरुनाथचे वडील, विष्णू करडे, सगळ्यांचे अण्णा, बंब आणि हंडे घडवायचे. भांडं आकाराला आलं की शेवटचा हात फिरायचा तो मठारकामाचा. भांडं लोखंडी दांड्यावर, म्हणजे खरवईवर, अडकवायचं आणि हातोडीचे ठोके एकाशेजारी एक, सारख्या अंतरानं, सगळ्या अंगावर उमटवत जायचं. त्यानं तांबं घट्ट होतं आणि बारीक आरसे जडवल्यासारखं चमकतं. अण्णांचं मठारकाम आळीत नावाजलेलं होतं.

पण त्यांनी गुरुनाथच्या हातात कधी हातोडी दिली नाही. तो खरवईजवळ घुटमळला की म्हणायचे, "लांब हो नाथा. कान जातील." त्यांचे स्वतःचे जायला लागलेच होते. थोरला प्रताप स्टीलच्या भांड्यांच्या दुकानात बसला आणि धाकट्या गुरुनाथनं मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं. मग मेकॅनिकलवाली बहुतेक मुलं जिथे गेली तिथेच, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, आणि तिथून न्यू जर्सीत. आता तो एका औषध कंपनीसाठी असा प्रोग्राम लिहायचा, जो कारखान्यातलं मशिन कधी बिघडेल ते आधीच सांगतो.

अण्णांना थोडंफार ऐकू यायचं तेव्हा त्यांनी एकदा विचारलं होतं, "म्हणजे मशिन तू बनवतोस?"

"नाही अण्णा."

"दुरुस्त करतोस?"

"तेही नाही."

"बरं," अण्णा म्हणाले होते आणि चहा प्यायला लागले होते. त्या 'बरं'मध्ये टोमणा नव्हता, पण गुरुनाथच्या मनातून ते कधी गेलं नाही. पुढे अण्णांचे कान पूर्ण गेले आणि उत्तर सुधारून द्यायची सोयही राहिली नाही.

त्या शनिवारी तो शटरखालून वाकून आत गेला. आत एक पासष्टीची, आखूड पांढऱ्या केसांची बाई लाकडाच्या ओंडक्यासमोर उभी राहून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकत होती. तिचं नाव नीना. तिचे वडील इटलीतल्या मोडेनाजवळच्या एका गावातून पत्र्याचं काम घेऊन अमेरिकेत आले आणि इथेच राहिले. त्यांच्या माघारी शेड ती चालवत होती. जुन्या इटालियन रेसिंग गाड्यांची अंगं ती पुन्हा घडवून द्यायची. कुणी विचारपूस करायला आलं की ती वैतागायची. गुरुनाथकडेही तिनं तसंच बघितलं, पण तो तिच्याकडे बघतच नव्हता. मागे लाकडी घोड्यांवर ठेवलेल्या सांगाड्यावर त्याची नजर खिळली होती.

ती होती मासेराटीची टिपो ६१, एकोणीसशे साठच्या सुमाराची. तिला बर्डकेज म्हणतात, आणि का म्हणतात ते सांगावं लागत नाही. बारीक नळ्यांचे सुमारे दोनशे तुकडे एकमेकांना जोडून पक्ष्याचा पिंजरा विणावा तसा तिचा सांगाडा केलेला. पहिल्या नजरेला पसारा वाटतो. पण गुरुनाथमधला परीक्षेला बसलेला इंजिनिअर कुठेतरी जिवंत होता, आणि जरा वेळानं त्याला नळ्यांमधले त्रिकोण दिसायला लागले. जाड नळ्या घेतल्या तर गाडी जड होते. म्हणून बारीक घ्यायच्या, पण अशा जोडायच्या की एकीलाही वाकावं लागू नये. प्रत्येकीनं एक तर ओढ सोसायची, नाही तर दाब. कॉलेजात हे त्यानं कागदावर बाण काढून सोडवलं होतं आणि मार्क मिळवले होते. इथे ते कुणीतरी खरोखर जोडलेलं होतं, आणि त्यात बसून माणसं शर्यतीत धावली होती.

इंजिन चारच सिलिंडरचं. ते उभं न ठेवता कुशीवर कलतं बसवलेलं, म्हणजे गाडीचं नाक जमिनीशी खाली राहील आणि वारा वरून निघून जाईल. नाक इतकं खाली की पुढची चाकं त्याच्यापेक्षा उंच ठरतात. त्यांना झाकायचं तर पत्र्याला चाकांवर एकदम वर यावं लागतं. डाव्या चाकावरचा तो उंचवटा मूळचा होता आणि जागेवर होता. उजवी बाजू फार पूर्वी कुठल्याशा शर्यतीत गेली होती.

गुरुनाथ त्या उंचवट्यापुढे उभा राहिला. मान, मग फुगत जाणारं पोट, मग पुन्हा आत वळणारी कड. त्याला हंडा दिसत होता.

"माझे वडील हे करतात," तो म्हणाला. "तांब्यात."

नीनानं त्याच्या हातांकडे बघितलं. "तू करत नाहीस."

"मला त्यांनी शिकवलं नाही."

"माझ्या वडिलांनी मला शाळेत घालायच्या आधी हातोडी दिली," नीना म्हणाली. "मला नको होती." असं म्हणून ती पुन्हा ठोकायला लागली. गुरुनाथला तिचा अतोनात हेवा वाटला.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आत गेला आणि त्याच्या पुढच्याही. अखेर नीनानं त्याच्या हातात लाकडी मोगरी आणि अ‍ॅल्युमिनियमचा एक गोल तुकडा ठेवला आणि सांगितलं, याची वाटी कर. त्यानं केलेली पहिली वाटी टेबलावर डुगडुगायची, दुसरी एका बाजूला फाटली. काही महिन्यांत घरात वाट्यांची रांग लागली. त्याची बायको नीलांबरी एकीत किल्ल्या ठेवायची आणि म्हणायची, "लोकांचे नवरे वीकेंडला गोल्फ खेळतात, माझा भांडी पाडतो." आन्यानं एक वाटी डोक्यावर धरून बघितली आणि "बाबा, धिस इज अ व्हेरी बॅड हेल्मेट" असा निकाल दिला. त्याचा मित्र शंतनू प्रत्येक पॉटलकला न चुकता सगळ्यांसमोर विचारायचा, "गुरू, माझ्या होंडाचा डेंट कधी काढतोयस यार?" गुरुनाथ हसायचा. तळहाताला पडलेले घट्टे तो मीटिंगमध्ये टेबलाखाली अंगठ्यानं चाचपत बसायचा.

पुण्याला त्यानं यातलं काही कळवलं नव्हतं. नीट जमलं की सांगू, असं म्हणत होता. मग एका रविवारी व्हिडिओ कॉलवर प्रतापची बायको, लतिकावहिनी, स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात बोलली, खरं तर हळू बोलायची काही गरज नव्हती. अण्णांची नजर चालली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मोतीबिंदू नव्हे, आतला पडदाच विरत चालला होता. समोरच्या माणसाचा चेहरा आधी जाईल, कडेकडेचं पुसट काही दिवस राहील. अण्णांशी बोलायची एकच रीत उरली होती: वहिनी पाटीवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहायच्या आणि ते वाचायचे. ती अक्षरं आता आणखी मोठी करावी लागत होती.

"येऊन जा भावोजी," वहिनी म्हणाल्या.

येऊन जाणं तेवढं सोपं नव्हतं. व्हिसाचा शिक्का पुन्हा घ्यायला जायचं, वकिलातीनं कागद अडकवून ठेवले की तिकडेच बसायचं, इकडे नोकरी, घर, आन्याची शाळा. ऑफिसातला एक जण महिनाभरासाठी म्हणून गेला होता तो अजून हैदराबादेतून रात्री जागून काम करत होता. गुरुनाथ 'बघतो' म्हणाला आणि ते म्हणताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्या आठवड्यात त्याच्या मनानं एकच गोष्ट धरली. अण्णांना दिसतंय तोवर त्यांना आपल्या हातानं घडवलेलं काहीतरी दाखवायचं. डुगडुगणारी वाटी नव्हे, ज्याला ते 'बरं' म्हणून सोडून देणार नाहीत असं काही. शनिवारी त्यानं नीनाला सगळं सांगितलं आणि उजव्या चाकावरचा उंचवटा मागितला.

"आधी जुना पत्रा घे, त्यावर कर," ती म्हणाली. "चांगला झाला तर गाडीवर लावू. नाही झाला तर मी करीन. गाडीला तुझ्या वडिलांशी देणंघेणं नाही."

त्यानं जीव ओतून काम केलं. डाव्या उंचवट्यावर कागदाच्या पट्ट्या बसवून त्याचा नमुना घेतला आणि उलटा करून उजव्यासाठी वापरला. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठोकून पोट काढलं. आठवड्यातून एकच सकाळ मिळायची, म्हणून नीलांबरीनं आन्याला क्लासला सोडणं-आणणं स्वतःकडे घेतलं. तोंडानं मात्र "तुझ्या दुसऱ्या बायकोला माझा नमस्कार सांग" असं म्हणायला ती विसरायची नाही. हळूहळू आकार दिसायला लागला. नीना जाता जाता त्यावरून तळहात फिरवायची आणि काही बोलायची नाही. गुरुनाथनं ती शाबासकी धरली.

ठोकून ठोकून धातू ताठर होतो आणि मग आकार घ्यायचं नाकारतो. तेव्हा त्याला ताव द्यावा लागतो, म्हणजे तापवून पुन्हा मऊ करावं लागतं. हे काम नीना नेहमी स्वतः करायची. पण एका शनिवारी पत्रा अगदी शेवटच्या वळणावर अडला आणि नेमकी ती रंगवाल्याकडे गेली होती. यायला दुपार होणार होती. गुरुनाथनं पुण्याला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. अर्धवट उंचवटा त्यानं फोनसमोर धरला आणि हे मी करतोय, असं वहिनींना पाटीवर लिहायला सांगितलं.

अण्णा खुर्ची ओढून फोनच्या इतके जवळ आले की पडद्यावर नुसतं त्यांचं कपाळ दिसायला लागलं. "कशाचा बंब आहे?" त्यांनी विचारलं. वहिनींनी लिहिलं, गाडी. रेसची. अण्णांच्या कपाळावरच्या आठ्या वर गेल्या. मग त्यांना धातू अडलाय हे सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाजच बदलला. दुकानात गिऱ्हाईक आल्यावर यायचा तो आवाज. "त्यात काय. ताव दे. अंधार करून बघ, पत्रा लाल दिसायला लागला की पाण्यात सोड. घाई करू नकोस. लाल झाल्याशिवाय काढू नकोस."

लहानपणापासून गुरुनाथनं जे बघितलं होतं तेच अण्णा सांगत होते. आणि अण्णा पहिल्यांदाच त्याला काम सांगत होते. त्यानं शेडमधले दिवे बंद केले, गॅसची ज्योत लावली आणि लाल रंगाची वाट बघत बसला.

अ‍ॅल्युमिनियम लाल होत नाही. वितळेपर्यंत ते तसंच पांढरंफटक राहतं आणि वितळण्याची वेळ आली की काही न सांगता बसतं. हे गुरुनाथला माहीत होतं. दुसऱ्या वर्षाला धातूंच्या पेपरात त्यानं यावर टीप लिहिली होती. पण ती टीप त्याच्या डोक्यात होती आणि हात तांबट आळीत होता. आता होईल, आता होईल म्हणत तो ज्योत फिरवत राहिला. एका क्षणी पोटाचा भाग दमल्यासारखा खचला आणि मधोमध हात जाईल एवढं भोक पडलं.

नीना आली तेव्हा तो दिवे न लावताच बसला होता. तिनं बटण दाबलं, पत्रा उलटून बघितला.

"मी येईपर्यंत थांबायला काय झालं होतं?"

"वडिलांना दाखवायचं होतं."

"मग आता हेच दाखव," नीना म्हणाली. तो तुकडा तिनं त्याच्या हातात दिला. पुढच्या शनिवारी यायचं का, असं त्यानं विचारलं नाही आणि ये असं तीही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. अण्णा आधीच फोनसमोर येऊन बसले होते, असं कधी व्हायचं नाही. वहिनी म्हणाल्या, सकाळपासून आळीत सांगत फिरतायत की नाथा अमेरिकेत पत्रा घडवतोय. "दाखव," अण्णा म्हणाले.

गुरुनाथकडे फोनमध्ये डाव्या उंचवट्याचा फोटो होता, मूळच्या इटालियन कारागिरांच्या हातचा. तो आरशात दिसतो तसा उलटा केला की उजवा होतो. उलटा करणं एका बोटाचं काम होतं आणि ते त्यानं आदल्या रात्री करूनही ठेवलं होतं. त्यानं तो पाठवला. वहिनींनी टॅबवर मोठा करून अण्णांपुढे धरला. अण्णांनी मान तिरकी केली, कारण आता त्यांना कडेनंच नीट दिसायचं. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी टॅबच्या काचेवरच बोट फिरवलं, मानेवरून पोटावर, पोटावरून कडेवर.

"वा," ते म्हणाले. "पोट कुठे बसलं नाही की कुठे फुगलं नाही. वा रे नाथा."

गुरुनाथनं हे शब्द ऐकायला अख्खं आयुष्य वाट बघितली होती. ते असे यावेत याचं त्याला रडू यायला लागलं.

"ताव दिल्यावर लाल झाला ना?" अण्णांनी विचारलं. "किती वेळ लागला?"

आता नुसती मान हलवायची होती. पण मग अण्णा उद्या आळीत सांगणार, अ‍ॅल्युमिनियमही लालच करायचं, माझ्या मुलानं केलंय. कुणीतरी ऐकेल, कुणीतरी करेल. फोटो खोटा दाखवणं एक वेळ जमलं होतं. धातूविषयी खोटं बोलणं जमेना. त्यानं मान हलवली, नाही अशी. मग खाली वाकून तो भोक पडलेला तुकडा उचलला आणि कॅमेऱ्यापुढे धरला. भोकातून त्याचा अर्धा चेहरा दिसत होता.

"हा माझा आहे," तो वहिनींना म्हणाला. "फोटो दुसऱ्याचा. लिहा. आणि लिहा की अ‍ॅल्युमिनियम लाल होत नाही."

वहिनींनी लिहिलं. अण्णांनी पाटी नाकाजवळ नेऊन वाचली. पुन्हा वाचली. फोटोबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. "मी लाल सांगितलं," एवढंच म्हणाले आणि उठून आत गेले. खुर्ची तशीच पडद्यावर राहिली.

पुढचे दोन-तीन शनिवार गुरुनाथ पुन्हा गाडीत बसून राहिला. शेडमधून हातोडीचा आवाज येत होता. थांबण्यावरून त्याला कळायचं, नीना आता पोट काढतेय, आता कड वळवतेय. उजव्या चाकावरचा उंचवटा तिनं स्वतः करायला घेतला होता, यात शंका नव्हती. तो काच वर करायचा आणि पुन्हा खाली करायचा.

मग वहिनींचा फोन आला. "भावोजी, तिकडे बसून इकडे आग लावलीत तुम्ही." अण्णांनी प्रतापला बोहरी आळीत पिटाळून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणवला होता. रोज संध्याकाळी गच्चीवर शेगडी पेटवायचे आणि तुकड्यांवर तुकडे वितळवायचे. कुणाशीही बोलत नव्हते. "लबाड धातू आहे, लबाड धातू आहे," असं पुटपुटत असायचे. ऐंशी उलटलेल्या माणसाला, धड दिसत नसताना, विस्तवाशी खेळू कसं द्यायचं, असं वहिनी विचारत होत्या. पण त्यांच्या आवाजात निव्वळ तक्रार नव्हती. कित्येक वर्षांत अण्णा असे वेळेवर जेवले नव्हते.

त्या शनिवारी गुरुनाथ शटरखालून आत गेला. उजवा उंचवटा तयार होऊन गाडीवर बसला होता. डावा कुठला, उजवा कुठला, सांगता येऊ नये असा. त्यानं तिकडे फार वेळ बघितलं नाही.

"मला परत कामावर घे असं सांगायला आलो नाही," तो म्हणाला. "तू ताव कसा देतेस तेवढं सांग. माझे वडील गच्चीवर पत्रे वितळवतायत."

नीनानं हातोडी खाली ठेवली. "किती वर्षांचे आहेत?" वय ऐकून ती हसली. तिला हसताना तो पहिल्यांदाच बघत होता. "साबण," ती म्हणाली. "कपडे धुवायचा, साधा. पत्र्यावर चोळायचा आणि खालून तापवायचं. साबण काळा पडला की थांबायचं. पत्रा स्वतः काही सांगत नाही, म्हणून साबणाला विचारायचं."

गुरुनाथनं ते लगेच वहिनींना पाठवलं. तो जायला वळला तेव्हा नीनानं पायानं एक चपटा पत्रा त्याच्याकडे सरकवला. चाकाच्या आत, चिखल उडू नये म्हणून एक पडदा लागतो. गाडी पूर्ण झाल्यावर तो कुणाला दिसत नाही. "हा कर," ती म्हणाली. "ताव मी देईन."

वसंतात गाडी तिच्या मालकाकडे गेली. जायच्या आधी नीनानं इंजिन एकदा सुरू केलं. शेडचा पत्रा थरथरला, शेजारच्या क्लासमधल्या मुली नाच सोडून दारात आल्या. गुरुनाथच्या मनात आलं, हे अण्णांना ऐकवायला हवं. मग आठवलं. आणि दाखवायचं म्हटलं तर तेही आता जवळजवळ संपलं होतं. वहिनींनी पाटी कपाटावर ठेवून दिली होती. आता त्या अण्णांच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढायच्या.

त्यानंतरच्या शनिवारी शेडमध्ये असतानाच फोन वाजला. पडद्यावर खोली, खोलीत दिवा, खरवईपाशी अण्णा बसलेले. त्यांच्या हातात अ‍ॅल्युमिनियमचा एक गडू होता. साबण लावून, ताव देऊन, घडवलेला. हातानं चाचपून केल्यामुळे मान जराशी कललेली होती. अण्णांनी तो फोनच्या दिशेनं धरला, पण फोन जिथे होता तिथे नाही, थोडा बाजूला.

"नाथा," ते म्हणाले. "आकार बोटांना कळतो. पण मठारताना घट्ट झालं की नाही ते कानानंच कळतं, आणि मला ऐकू येत नाही. तांब्याचा ठोका माझ्या हातात मुरलेला आहे. याचा नाही. मी ठोकतो, तू ऐक. घट्ट झालं की सांग, लतिका माझ्या पाठीवर हात ठेवेल."

आणि त्यांनी सुरुवात केली. पलीकडच्या ओंडक्यावर नीना काहीतरी ठोकत होती. तिनं गुरुनाथकडे बघितलं आणि हातोडी खाली ठेवली.

सुरुवातीला आवाज भद्द येत होता, ओल्या मातीवर पडल्यासारखा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पण आळीत अभ्यास करताना, झोपताना, जेवताना त्यानं हाच आवाज भद्दचा घट्ट होताना ऐकला होता, आणि ऐकतोय हे त्याला कधी कळलं नव्हतं. त्यानं डोळे मिटले. एकाशेजारी एक, सारख्या अंतरानं ठोके पडत होते. अण्णा गडू फिरवत होते, थांबत होते, पुन्हा ठोकत होते. हळूहळू आवाजाला कड यायला लागली. मग एक ठोका असा आला की तो पडल्यानंतरही थोडा वेळ खोलीत राहिला.

त्याला वाटलं, आणखी थोडं ऐकावं. कोण जाणे पुन्हा केव्हा. पण जास्त ठोकलं तर पत्रा फाटतो, हे आता त्यालाही ठाऊक होतं.

"झालं, वहिनी," तो म्हणाला.

पुण्यात हातोडी थांबली.